पेटीतली पत्रे बाहेर काढा

(एका खेड्यातील वाचनालयाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



थोर ग्रंथकारांच्या हातची पत्रे जमविणे हा पैसेवाल्यांचा शोक आहे, अशी आपल्या लोकांची समजूत आहे. काचेच्या चौकटीत एक पिवळा कागद, खाली पितळी पट्टी, आणि पाहुणा आला की त्याला समोर उभे करून दाखवायचे! असल्या शोकाची तारीफ करावयास आम्ही येथे आलेलो नाही. आम्ही बोलणार आहोत ते आपल्या घरच्या कागदांविषयी. ज्यांनी आमच्या हाती पाटी-पेन्सिल दिली, त्यांच्याच हातचे किती कागद आज आम्हांपाशी आहेत, हा हिशेब एकदा उघड्यावर मांडला पाहिजे.

१८८५ साली पुण्यास मराठी ग्रंथकारांची सभा भरली. माधवराव रानडे यांच्याकडून जोतीरावांस बोलावणे गेले. ज्यांच्या पुस्तकांत शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला जागा नाही, त्यांच्या सभेशी आमचे जुळणार नाही, अशा आशयाचे खणखणीत उत्तर जोतीरावांनी पत्राने धाडले. हे पत्र आज आपल्या प्रत्येक व्याख्यानात निघते. पण ते आपल्यापर्यंत आले कसे, हे कोणी विचारीत नाही. मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदय' पत्राने ते ११ जून १८८५ च्या अंकात छापले, म्हणून आले. आपल्या माणसाचे पत्र परक्याच्या दारी टिकले. मिशनऱ्यांचे आभार मानू, पण मान थोडी खाली घालूनच.

'शेतकऱ्याचा असूड' घ्या. १८८३ साली लिहिलेला हा ग्रंथ आपल्याच 'दीनबंधू'ने थोडा छापला आणि पुढे हात आखडला. हस्तलिखित राहिले म्हणून पुढे तो सबंध छापता आला. 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५ चे, आणि ते छापून लोकांपुढे आले १९७९ साली, 'पुरोगामी सत्यशोधक'मध्ये! सव्वाशे वर्षे ते नाटक कागदात निजून होते. त्या अवधीत एखादी वाळवी, एखादी गळकी कौले, किंवा घरातली एखादी आवराआवर आडवी आली असती, तर असे नाटक लिहिले गेले होते हे म्हणणाऱ्यालाच आपल्या विद्वानांनी वेड्यात काढले असते.

सावित्रीबाईंची जोतीरावांस लिहिलेली तीन पत्रे आज वाचावयास मिळतात. १८५६ चे आणि १८६८ चे नायगावहून, १८७७ चे दुष्काळात जुन्नरकडच्या ओतूरहून. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादिलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयात ती आहेत. हा ग्रंथ १९८८ साली निघाला. पहिल्या पत्रात भावाने काढलेले वाकडे बोल आहेत आणि बहिणीने त्याला दिलेले सडेतोड उत्तर आहे. दुसऱ्यात गणेश नावाचा ब्राह्मणाचा मुलगा आणि एक अस्पृश्य मुलगी यांच्या जिवावर उठलेला गाव, आणि मध्ये उभी राहिलेली ही एकटी बाई. तिसऱ्यात उपाशी माणसे. आता आमचा प्रश्न एवढाच की, जोतीरावांनी याला काय उत्तर लिहिले? नवऱ्याने बायकोस धीर दिला की सांभाळून राहा म्हणून बजावले? ती उत्तरे आपल्यापुढे नाहीत. नवरा-बायकोच्या बोलण्यातला अर्धाच भाग आपण ऐकतो आहोत. पत्राचा संग्रह म्हणजे एक कागद नव्हे, ते पुडके असते. जाणारे आणि येणारे दोन्ही मिळून त्यात जीव असतो. चौकटीतल्या एकट्या सहीला आम्ही किंमत देत नाही ती याचसाठी. पूर्वीचे कित्येक हौशी संग्राहक तर पत्राखालची सही तेवढी कातरीने कापून वहीत डकवीत आणि मजकूर टाकून देत. देवाचे डोळे काढून खिशात घालावे आणि मूर्ती उकिरड्यावर फेकावी, तसला हा भक्तिभाव!

तुम्ही म्हणाल, मजकूर छापला म्हणजे झाले, मूळ कागद कशाला हवा? १८८८ साली जोतीरावांस अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग लुळे पडले. तरी गडी थांबला नाही. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांनी डाव्या हाताने लिहिले, आणि ते छापून निघाले १८९१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. छापील पानावर सगळी अक्षरे सारखी. खिळ्याला उजवा हात काय आणि डावा हात काय! त्या हाताची झुंज शाईच्या अक्षरातच दिसावयाची. खोडलेला शब्द, मागाहून समासात घातलेली ओळ, कागद संपत आला म्हणून बारीक झालेले अक्षर, हे सारे बोलते.

आता जपणाऱ्याची आणि न जपल्याची अशी दोन उदाहरणे एकाच माणसाच्या कागदांची सांगतो. नाशिकच्या दादासाहेब गायकवाडांनी बाबासाहेब आंबेडकरांची पत्रे सांभाळून ठेवली. १९३४ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी त्यांना कळविले की मंदिरप्रवेशाची चळवळ मूर्तीच्या पायी लोळण्यासाठी नव्हती, आपल्या लोकांत जाग आणि बळ यावे म्हणून होती. काळारामाच्या सत्याग्रहाचा अर्थ सांगावयास आज शंभर पंडित तयार आहेत. पण करणाऱ्याने स्वतः काय म्हटले ते एका कार्यकर्त्याच्या घरच्या कागदांमुळे कळले. दुसरे उदाहरण दिल्लीचे. अलीपूर रोडच्या ज्या बंगल्यात १९५६ साली बाबासाहेबांनी देह ठेवला, तो जानेवारी १९६७ मध्ये रिकामा करविण्यात आला. त्यांचे कागद उघड्यावर टाकले गेले आणि पावसात भिजले. ज्याने देशाची घटना कागदावर उतरविली, त्याच्या कागदांवर छप्पर नव्हते! जे वाचले त्यातून महाराष्ट्र सरकारने १९७९ पासून खंड काढले. त्या कामी वसंत मून यांनी घेतलेले कष्ट आपण विसरता कामा नये.

राजवाड्यांशी आमचे भांडण जुने आहे, आणि ते मिटविण्याची आम्हास घाई नाही. परंतु त्या माणसाने गावोगाव तंगडतोड करून वाड्यांतली दप्तरे उपसली, १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने त्यांचे बावीस खंड काढले, आणि १९१० साली पुण्यास मंडळ उभे केले. ही चिकाटी उचलावयास कोणती जात आडवी येते? त्यांनी वाडे धुंडाळले. माळ्याचे, साळ्याचे, महाराचे घर धुंडाळावयाचे कोणी? नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून अर्धशतकाहून अधिक काळ 'दीनमित्र' चालविला. त्या पत्राकडे खेड्यापाड्यांतून किती टपाल गेले असेल, आणि मुकुंदरावांनी किती घरी उत्तरे धाडली असतील! एक पैशाचे पोस्टकार्ड आपल्या देशात १८७९ साली निघाले आणि गरिबाच्या हाती टपाल आले. ती कार्डे कोठे असतील? आमच्या मते माळ्यावर, लग्नपत्रिका आणि सोसायटीच्या पावत्या यांच्याखाली.

अडचण अशी की जुने कागद पुष्कळदा मोडीत असतात. शाळांतून मोडी गेली आणि नातवाला आजोबाचे अक्षर परके झाले. मग मोडी कागद दिसला की त्याच्या दोनच गती. जमिनीचा असेल या आशेने तिजोरीत जावयाचा, नाहीतर बंबात. मोडी जाणणाऱ्यास दाखविल्याशिवाय एकही कागद जाळू नका, एवढे तरी आमचे ऐका.

सांभाळण्याविषयी थोडेसे. कागदाला चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक वर्षाकाठी पिवळा पडून अक्षर खातो. प्लॅस्टिकमध्ये तापवून बंद करू नका. टाचणी काढा, ती गंजते. भिंतीवर उन्हात टांगू नका. जुनी माणसे दप्तर स्वच्छ सुती रुमालात बांधीत, ती रीत आजही वाईट नाही. पाकीट फेकू नका. लिहिणाऱ्याने तारीख घातली नसेल तर टपालाचा शिक्का ती सांगतो. मोबाईलवर फोटो घ्यावा, जरूर घ्यावा, पण फोटो झाला म्हणून मूळ कागद रद्दीत घालणारा माणूस आम्ही पाहिला आहे; त्याला काय म्हणावे ते तुम्हीच ठरवा.

विकण्याचा मोह होईल. पुडके फोडून एकेक पत्र विकले की दाम अधिक येतो, हे व्यापारी तुम्हास सांगेल. तो खरेच सांगतो, आणि त्याच क्षणी तुमच्या आजोबांची गोष्ट दहा घरी फुटते. बाजार तापला की खोटेही येते. फ्रान्सात शाल नावाचा एक नामांकित गणिती होता. त्याला एका लबाडाने सुमारे २७ हजार बनावट पत्रे विकली. त्यांत क्लिओपात्राने सीझरला लिहिलेले पत्रही होते, आणि तेही फ्रेंच भाषेत! १८७० साली त्या लबाडाला शिक्षा झाली. गणित्याचा पैसा मात्र गेला तो गेलाच. आमच्याकडे उद्या तुकोबांचे बॉलपेनने लिहिलेले पत्र निघाले, तर तेही घेणारा भेटेल. म्हणून कागद कोणाच्या घरी, कोणत्या पेटीत, कोणाकडून आला ही नोंद पत्राइतकीच जपा. कायद्याचीही एक गोष्ट ध्यानात असू द्या. पत्र ज्याला आले, कागद त्याचा. पण मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. छापण्यापूर्वी त्यांना विचारावे.

देणगी दिली म्हणजे कागद गेले, ही भीती आम्हास कळते. आपल्या लोकांनी फसगत पुष्कळ सोसली आहे. तर मूळ कागद देऊ नका, तूर्त दाखवा. या वाचनालयाने एक वही घातली आहे. तीत गाव, घर, कागदांची संख्या आणि कोणी कोणास लिहिले एवढेच टिपावयाचे. ज्यांच्या घरी जोतीरावांच्या, मुकुंदरावांच्या किंवा बाबासाहेबांच्या नावाचे काही नाही, पण मास्तर झालेल्या पहिल्या चुलत्याचे, मुंबईस गिरणीत गेलेल्या आज्याचे पत्र आहे, त्यांनीही यावे. सभा आटोपल्यावर मोडी वाचणारे दोघे गृहस्थ ओसरीवर दिवा लागेपर्यंत बसणार आहेत. घर जवळ असेल त्यांनी आताच जाऊन पेटी घेऊन यावे.