दोन 'कामं'



इकडे जालन्याला येताना एका रोलिंग मिलच्या फाटकावर पाटी दिसली, 'कामगार पाहिजेत'. डोक्यात भाषणाचा विषय घोळत होता, त्यामुळे मी ती दोनदा वाचली आणि हसू आलं. मराठीनं एक गंमत करून ठेवली आहे. संस्कृत कर्म झिजून प्राकृतात कम्म झालं, कम्माचं काम झालं. इच्छा या अर्थाचा काम तर आधीपासून होताच. दोन वेगळ्या घरचे शब्द एकाच नावानं नांदतात. एका कामाला हजेरी आहे, ओव्हरटाइम आहे, पगाराची तारीख आहे. दुसऱ्याचं नाव काढलं की खुर्च्या करकरू लागतात. मी दुसऱ्याबद्दल बोलणार आहे. संयोजकांना मी 'साहित्य आणि इच्छा' असा विषय कळवला होता, पत्रिकेत 'साहित्य आणि जीवन' छापून आलंय. मुद्रणदोष समजते.

जालना जसं सळईचं, तसंच बियाण्याचं. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली इथं महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, पुढं त्यांना 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी सांगते ते त्यापेक्षा फार लहान आहे. मामाच्या शेतात कपाशीचा सीड प्लॉट होता आणि सुट्टीत आम्ही पोरी क्रॉसिंगला जायचो. दुपार कलली की मादी ओळींत शिरायचं. उद्या उमलणारी कळी नेमकी ओळखायची, अंगठ्याच्या नखानं पाकळ्या आणि पुंकेसर सोलून काढायचे, मधली नाजूक काडी तेवढी शाबूत ठेवायची, खुणेला लाल कागद लावायचा. सकाळी नराची फुलं तोडून आणायची आणि त्यांचं पोलन एकेका काडीला हलकेच घासायचं. ऊन चढायच्या आत आटपलं पाहिजे. नखं हिरवी व्हायची, तो रंग दोन-दोन दिवस निघायचा नाही.

नर, मादी, पोलन हे शब्द आम्ही बांधावरून ओरडून बोलायचो. कुणी दटावलं नाही. त्याच वर्षी मला पहिल्यांदा पाळी आली. आईनं कोपरा दाखवला, शब्द एकही दिला नाही. (पाळीसुद्धा दोन अर्थांची. एमआयडीसीत एकच चालतो.)

पुष्कळ वर्षांनी लक्षात आलं की त्या प्लॉटवर मीलनाची सगळी तयारी होती, इच्छा तेवढी नव्हती. फूल कुणाला बोलावत नव्हतं, पाकळ्या तर आम्हीच उपटलेल्या. मधमाशीचं कामही आमच्याकडे. मग गावातली लग्नं पाहताना मला तोच प्लॉट दिसू लागला. ओळ ठरलेली, जोडी ठरलेली, भेसळ होऊ नये म्हणून पहारा. डॉ. आंबेडकरांनी मे 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचं मूळ जातीतल्या जातीत लग्न लावण्यात दाखवलं, आणि मागं उरलेल्या 'जास्तीच्या' बाईचं काय करायचं या प्रश्नातून सती आणि सक्तीचं वैधव्य कसं आलं, तेही. बियाण्यात आपण दोन वेगळे वाण मुद्दाम एकत्र आणतो, जोम येतो म्हणून. मांडवात तो जोम नको असतो. याच जिल्ह्यातल्या जांबचे समर्थ रामदास 'सावधान' ऐकताच मांडवातून पळाले अशी कथा आहे. मागं उरलेल्या नवरीबद्दल ती कथा फारसं बोलत नाही.

इच्छेला आपण भूक म्हणतो. मला ते पटत नाही. भाकरीला आपण खाल्लं जावं असं वाटतं की नाही, याची भुकेल्याला फिकीर नसते. इच्छेला असते. तिला समोरच्याचीही इच्छा हवी असते, आणि ती हिसकावली तर मिळत नाही, विचारावीच लागते. ऋग्वेदाच्या नासदीय सूक्तात काम हे मनाचं पहिलं बीज मानलं आहे. बियाण्याच्या गावात हे ऐकायला बरं वाटतं, पण माझं लक्ष जातं ते 'मना'कडे.

विचारायला मात्र शब्द लागतात. आपल्याकडे एका टोकाला शिवी, दुसऱ्या टोकाला 'शरीरसंबंध', जो पंचनाम्यात शोभतो. मधली जागा ओस पडली आहे. ती कायम ओस नव्हती. इथून जवळच पैठण, सातवाहनांचं प्रतिष्ठान. हाल राजाच्या नावानं चालत आलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतातली, म्हणजे आपल्याच भाषेच्या आजीची. तिच्यात बायका स्वतःच्या ओढीबद्दल सरळ बोलतात, मैत्रिणीला, सासूच्या कानाआड, कधी वाटसरूलाही. परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणं तर गाथेचा आवडता विषय.

परगावी गेलेले नवरे आज इथं राहतात. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली माणसं भट्टीवर आठ-बारा तास काढून एका खोलीत पाच-सहा जण झोपतात. रात्री प्रत्येक जण फोन घेऊन भिंतीकडे तोंड करतो. प्लेटोच्या एका संवादात प्रेमदेवता उणीव आणि युक्ती यांचं अपत्य आहे. अशा खोलीत ती दोघंही भाडेकरू असतात. त्या माणसांना बाई हवी एवढंच आपण गृहीत धरतो, आणि तसेच विनोद करतो. त्यांना पाच जणांच्या कानाआड बायकोशी बोलायला जागा हवी आहे, हे विनोदात बसत नाही.

या विषयावर उघड बोलणारेही झाले. र. धों. कर्व्यांनी 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, 1953 साली मरेपर्यंत. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून 1934 साली खटला झाला. आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी दंड झाला. कर्व्यांचा मला फार आदर आहे. पण त्यांची भाषा आरोग्याची होती, आर्जवाची नव्हती. ते काम त्यांनी अंगावर घेतलं नव्हतं, आणि आपण ते गेली सत्तर वर्षं सिनेमाच्या गाण्यांवर सोडून दिलं आहे.

सकाळी इथल्या भट्टीवर काम करणारा एक मुलगा वही घेऊन आला. गावाकडे असलेल्या बायकोवर कविता होती. तिच्यात तिच्या पाठीचं, घामाचं, हसताना ओठ मुडपण्याचं वर्णन होतं. "मॅडम, एवढ्या लोकांत हे वाचू का?" मी विचारलं, "तिला वाचून दाखवलीस?" म्हणाला, "फोनवर. तिनं दोनदा म्हणायला लावली." मग वाच, मी म्हटलं. आजच्या कविसंमेलनात त्याचा क्रमांक अकरावा आहे. त्याला सेकंड शिफ्टला जायचंय. सूत्रसंचालकांनो, त्याला आधी घ्या.