एक कळफलक, अनेक संगणक

(सोलापूर येथे लघुउद्योजक व कार्यालयीन कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



एकच विणकर एकाहून अधिक यंत्रमाग सांभाळतो, हे सोलापूरकरांना नव्याने सांगावयास नको. त्याची नजर सर्व मागांवर फिरत असते. हात मात्र जेथे धागा तुटला, तेथेच जातो. आजचा विषय याच जातीचा आहे. फरक इतकाच की, येथे मागांच्या जागी संगणक आहेत.

चादरी आणि टॉवेल यांचा व्यवसाय करणाऱ्या एखाद्या कचेरीचे चित्र डोळ्यांसमोर आणा. एका संगणकावर हिशेब आणि जीएसटीची बिले, दुसऱ्यावर नक्षीचे आराखडे, तिसऱ्यावर पत्रव्यवहार. आणि या सर्वांसमोर माणूस एकच! टेबलावर तीन कळफलक व तीन माऊस. कागद ठेवण्यास जागा नाही आणि घाईत हात नेमका नको त्या कळफलकावर पडतो. ही अडचण फारसा खर्च न करता दूर करता येते.

जुना उपाय आणि नवा उपाय

पूर्वी यासाठी एक पेटी वापरीत. आजही ती अनेक ठिकाणी आहे. सर्व संगणकांच्या तारा या पेटीत आणावयाच्या आणि तिचे बटण दाबून हवा तो संगणक निवडावयाचा. यात पडदाही बहुधा एकच असतो. म्हणून एका वेळी एकच काम दिसते.

नव्या पद्धतीत पेटी नाही. प्रत्येक संगणकाला त्याचा पडदा राहतो आणि सर्व संगणक एकाच जाळ्यात जोडलेले असतात. कळफलक व माऊस एकाच संगणकाला लावावयाचे. त्याला आपण मुख्य संगणक म्हणू. कोणता पडदा डावीकडे व कोणता उजवीकडे, हे त्याला एकदा सांगून ठेवावे लागते. मग माऊसचा बाण उजव्या कडेपर्यंत नेला की तो शेजारच्या पडद्यावर उमटतो. त्या क्षणापासून दाबलेली प्रत्येक कळ जाळ्यातून शेजारच्या संगणकाकडे जाते आणि आपल्यालाच कळफलक जोडलेला आहे, असे समजून तो काम करतो. एका संगणकावर उचललेला मजकूर दुसऱ्यावर ठेवण्याची सोयही बहुतेक प्रणालींत असते.

या कल्पनेला आता बरीच वर्षे लोटली आहेत. ‘सिनर्जी’ ही प्रणाली २००१ मध्ये आली. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टमधील एका अभियंत्याने ‘माऊस विदाउट बॉर्डर्स’ तयार केली. तीत चार संगणकांपर्यंत जोडणी होते. २०२३ पासून ती त्याच कंपनीच्या ‘पॉवरटॉइज’ या विनामूल्य संचात समाविष्ट झाली. ॲपलच्या संगणकांत अशी सोय २०२२ मध्ये आली.

मराठीचा प्रश्न

मराठीत काम करणाऱ्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. कळीवर छापलेले अक्षर संगणकाला दिसत नाही. कोणत्या जागेची कळ दाबली गेली, एवढेच त्याला कळते. इंग्रजी ‘एच’ ज्या कळीवर आहे, तीच कळ इन्स्क्रिप्ट रचनेत ‘प’ देते, तर उच्चारानुसारी रचनेत ‘ह’ देते. एका संगणकावर एक रचना आणि दुसऱ्यावर दुसरी असेल, तर पडदा बदलताच अक्षरे बदलतील. यास्तव सर्व संगणकांवर एकच रचना ठेवावी. इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठी शासनमान्य रचना १९८६ पासून उपलब्ध आहे. ती स्वीकारल्यास हा घोळ बराच कमी होतो.

सावधगिरी

आता माझीच एक फजिती सांगतो. माझी नजर डाव्या पडद्यावर होती. बाण मात्र नकळत उजवीकडे गेला होता. डावीकडे परवलीचा शब्द लिहीत आहे, अशा समजुतीने मी तो लिहिला. तो उमटला उजवीकडे उघडलेल्या एका ग्राहकाच्या पत्रात आणि ते पत्र तसेच छापून निघाले. पत्र पाठविण्यापूर्वी एका सहकाऱ्याने वाचले म्हणून मी वाचलो. तेव्हापासून दोन नियम मी पाळतो: लिहिण्यापूर्वी बाण कोठे आहे ते पाहावयाचे आणि गोपनीय काम करताना बाण एकाच पडद्यावर रोखून धरण्याची सोय वापरावयाची.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. दाबलेली प्रत्येक कळ जाळ्यातून जाते, म्हणजे बँकेचा परवलीचा शब्दही तेथूनच जातो. सुरुवातीच्या काळातील सिनर्जीत या खुणा उघड्याच जात. म्हणून खुणा सांकेतिक स्वरूपात पाठविणारी प्रणालीच घ्यावी आणि ती फक्त आपल्या कचेरीच्या जाळ्यात वापरावी. शासकीय कार्यालयात तर संगणकव्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या अनुमतीवाचून ती बसवूच नये.

तिसरी गोष्ट व्यवहाराची. मुख्य संगणक बंद पडला की बाकीचे सारे मुके होतात. शिवाय संगणक सुरू होत असताना, प्रणाली जागी होण्यापूर्वी, जाळ्यातला कळफलक चालत नाही. म्हणून एक साधा कळफलक कपाटात राखून ठेवावा.

यंत्र आणि माणूस

शेवटी, सोलापुरात न सांगून चालणार नाही असा एक मुद्दा. १८७७ मध्ये येथे कापडगिरणी उभी राहिली, तेव्हापासून या शहराने यंत्र आणि कामगार यांचे नाते जवळून पाहिले आहे. एका माणसाने किती माग सांभाळावेत, हा प्रश्न केवळ सोयीचा नव्हता. तो पोटाचा होता. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी जो प्रदीर्घ संप केला, त्याच्या प्रमुख कारणांत कमी माणसांकडून अधिक यंत्रे चालवून घेण्याची योजना हे एक होते.

हाताची धावपळ वाचविणे आणि माणसावर तिप्पट काम लादणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कळफलक एक झाला म्हणून डोळे तीन होत नाहीत. तीन पडद्यांकडे दिवसभर पाहणाऱ्याला मधूनमधून विश्रांती मिळालीच पाहिजे, कारण थकलेल्या नजरेकडून बिलात एक शून्य अधिक पडावयास वेळ लागत नाही. मालकांनी ही सोय कामगाराचा त्रास कमी करण्यासाठी वापरावी. तीन माणसांचे काम एकावर टाकण्याचे निमित्त म्हणून नव्हे.

ज्या नक्षीदार मागांवर आपली चादर विणली जाते, त्यांच्या छिद्रांकित पत्त्यांवरूनच चार्ल्स बॅबेज यांना आपल्या गणनयंत्राला सूचना देण्याची रीत सुचली होती. मागाने संगणकाला एकदा वाट दाखविली आहे. यंत्राचा वेग माणसाच्या बेताने ठेवावा, हा मागावरचा दुसरा धडाही संगणकासमोर बसताना आपण विसरू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.