लेझर आणि माझे दोन दात

त, थ, द, ध, न ही दंत्य अक्षरं, हे शाळेत घोकलं होतं. त्यांचा दातांशी खरोखरच संबंध असतो, हे पन्नाशीनंतर कळलं. वरचा पुढचा दात किडला होता. व्यासपीठावर कविता म्हणताना ‘दार’ हा साधा शब्द आला तरी जीभ बिचकायची. पण लहानपणी ऐकलेला दात कोरण्याच्या यंत्राचा आवाज डोक्यातून जात नव्हता. तेव्हा अम्मी लवंगेच्या तेलाचा बोळा दाताखाली धरायला द्यायची. कळ थांबायची आणि मला वाटायचं, दात बरा झाला!

त्यातच कुणीतरी म्हणालं, आता लेझरनं दात कोरतात, दुखतसुद्धा नाही. झालं! आमच्या गावात लेझर येईल म्हणून मी आणखी आठ महिने काढले.

पहिला लेझर अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी १९६० साली तयार केला, माणकाच्या कांडीतून. काही वर्षांतच संशोधकांनी तो दातांवर वापरून पाहिला. पण त्याच्या उष्णतेनं दाताच्या आतला जिवंत गर भाजण्याची भीती होती. पुढे अर्बियम लेझर आला आणि १९९७ साली अमेरिकेत त्याला दात कोरण्यासाठी मान्यता मिळाली. त्याचा किरण डोळ्यांना दिसत नाही. मात्र पाणी तो चटकन शोषून घेतं. दातात थोडं पाणी असतंच, किडलेल्या भागात जरा जास्त. त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि तेवढा कण उडून जातो. वरून पाण्याचा फवारा चालू असतो, म्हणून दात तापत नाही.

शेवटी पुणं गाठलं. डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. म्हणाल्या, ‘‘काका, शेजारच्या दाताची कीड वरवर आहे, ती लेझरनं काढू. या दातात मात्र ती नसेपर्यंत गेलीय. लवकर यायला हवं होतं.’’ म्हणजे रूट कॅनल आणि वर टोपी.

लेझरच्या वेळी आम्हा दोघांच्याही डोळ्यांवर खास चष्मे होते. आवाज नसतो, हे खोटं. दूर कुठे फुटाणे भाजावेत तशी टकटक होती. थरथर मात्र नव्हती आणि सुईही लागली नाही. काहींना ती घ्यावी लागते म्हणे. वेळ थोडा जास्त गेला, पैसेही. जुनी चांदी काढायला किंवा टोपीसाठी दात घासायला यंत्रच लागतं, हे तिथंच समजलं. हिरड्यांच्या कामाला वेगळा लेझर असतो. त्यात रक्त कमी येतं.

दुसऱ्या दाताला यंत्र लागलं. भुलीची सुई टोचली तेवढंच काय ते कळलं. पुढे फक्त आवाज. त्या आवाजापायी मी दाताचा जीव घालवला होता.

हल्ली ‘दार’ नीट म्हणतो. त्यातला ‘द’ टोपीवर टेकतो, हे ऐकणाऱ्याला कळत नाही, मला कळतं.