गाण्याची गाडी आणि एक पंगत

(नांदे, ता. मुळशी, जि. पुणे येथे भरलेल्या आपल्या ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



'संगीत आणि समाज' या विषयावर चार शब्द बोलावे, असे चिटणीसांनी मला सुचविले, तेव्हा प्रथम मी नकारच दिला. मी गवई नव्हे, की संगीतशास्त्राचा अभ्यासकही नव्हे. तारुण्यात तीन मित्रांच्या संगतीत तंबोरा धरून बसलो आणि त्या मेळ्याचा जमाखर्च लिहिला, एवढाच माझा या कलेशी संबंध. हे सांगताच चिटणीस म्हणाले, "मग जमाखर्चच सांगा की!" त्यांच्या शब्दास मान देऊन एका जुन्या दौऱ्याचा हिशेब मी आज आपणांपुढे ठेवीत आहे. त्यात जमेच्या बाजूस पुष्कळ आहे. देण्याची एक रक्कम मात्र पन्नास वर्षे तशीच राहून गेली आहे. ती आपल्या साक्षीने मांडावी, म्हणूनच मी येथे उभा आहे.

गाणे गाठीशी बांधून गावोगाव हिंडावयाचे, ही आपल्या महाराष्ट्राची जुनी रीत आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवर' हे नाटक केले, हे आपण शाळेत शिकलो. त्या नाटकात पदांचाच भाग मोठा असे आणि ती पदे सूत्रधार गाई. पात्रे आपली भाषणे आयत्या वेळी रचून बोलत. म्हणजे ती एका अर्थी गाणाऱ्यांचीच मंडळी होती. सांगलीचे अधिपती चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांचा भाव्यांना आश्रय होता. १८५१ साली आप्पासाहेब निवर्तले आणि तो आश्रय तुटला. मग भाव्यांनी मंडळी बरोबर घेतली व सांगली सोडून मुलूखगिरी आरंभिली. १८५३ साली मुंबईस त्यांनी तिकीट लावून खेळ केले. बोरघाटातून गाड्या जाण्याजोगा रस्ता १८३० साली झाला होता. आगगाडी तो घाट चढली ती १८६३ साली. तेव्हा सोंगांचे पेटारे, वाद्ये आणि माणसे यांचा तो प्रवास किती खडतर झाला असेल, याची कल्पना आपणच करावी.

पुढे १८९६ साली पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी मिरज सोडली. डोळ्यांनी अधू असलेला हा तरुण गात गात उत्तरेस गेला. राजेरजवाड्यांच्या बिदागीवर विसंबून न राहता सामान्य श्रोत्यांसाठी तिकीट लावून त्याने सौराष्ट्रात जलसा केला, आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. गाणे दरबारातून चव्हाट्यावर आले ते अशा वाटसरूंच्या पायांनी आले.

आणि तिसरे उदाहरण आपल्या वडिलांनी डोळ्यांनी पाहिलेले. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर या तीन शाहिरांनी लालबावटा कलापथक उभारले. त्यांच्या राजकीय मतांशी आपण सहमत असू वा नसू. तो आजचा विषय नव्हे. अण्णा भाऊ वाटेगावचे, मातंग समाजात जन्मलेले. मुलगा असतानाच घरच्या मंडळींबरोबर पायी चालत मुंबईस आलेले. अमर शेख बार्शीकडील मुसलमान कुटुंबातले. हे मित्र डफ-तुणतुणे घेऊन गिरणगावात आणि खेड्यापाड्यांत एका फडावर उभे राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या आवाजांनी मैदाने भरली. दैव असे, की १८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ गेले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमर शेख मोटार-अपघातात गेले. गाणाऱ्याचे मरणही रस्त्यावरच लिहिलेले असते की काय, असे तेव्हा पुष्कळांच्या मनात आले.

या थोरांच्या पंक्तीस बसण्याची आमची योग्यता नाही. परंतु वाट तीच होती, म्हणून त्यांचे स्मरण केले. आता आमच्या मेळ्याकडे वळतो.

आज नांद्यातून रात्री उत्तरेस पाहिले, तर हिंजवडीच्या दिव्यांनी आकाश उजळलेले दिसते. १९७५ साली या भागात दिवे लागणीनंतर काळोखाचेच राज्य असे. आम्ही चौघे मित्र त्या काळोखात कंदील लावून भजन करीत असू. एक प्राथमिक शाळेतले गुरुजी. ते पेटी वाजवीत. दुसरा आमचा गायक. गळा गोड, पण स्वभाव तापट. तिसरा तबला आणि ढोलकी दोन्ही वाजविणारा. चौथा मी. नावे मुद्दाम घेत नाही. दोघे आता या जगात नाहीत, आणि जो आहे त्याला स्वतःचे नाव छापलेले आवडत नाही. चौघांच्या ज्ञाती चार होत्या. तबलजी अशा समाजातला होता, की ज्याचे घर तेव्हा गावकुसाबाहेर असे. आम्हांस त्याचे काही वाटत नसे, अशी आमची समजूत होती. ती कितपत खरी होती, ते पुढे येईलच.

गायकाच्या मामांकडे लष्करी लिलावात घेतलेली एक जुनी जीप होती. पंडित भीमसेन जोशी स्वतः मोटार हाकीत दूरदूरच्या मैफलींस जातात, हे आम्ही ऐकले होते. आमचा गायकही त्या दिवसापासून स्वतःस भीमसेनच समजू लागला. निदान चक्र हाती असेपर्यंत तरी! शाळा, जत्रा आणि वाचनालये यांना पत्रे लिहून आम्ही सहा कार्यक्रम ठरविले. सातारा, कऱ्हाड, कुंभार्ली घाटाने चिपळूण, तेथून महाड आणि वरंध घाटाने भोरवरून परत, असा मार्ग आखला. गुरुजींनी साठ व आम्ही तिघांनी प्रत्येकी चाळीस, असे एकशे ऐंशी रुपये भांडवल जमले. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले होते. वहीच्या पहिल्या पानावर गुरुजींनी 'श्री' लिहिला आणि त्याखाली 'उधळपट्टी करू नये' असा उपदेशही लिहिला. त्या उपदेशाची गरज पडली नाही, कारण उधळावयास काही उरतच नव्हते.

खंबाटकीच्या चढावर जीप तापली. आज तेथे बोगदा आहे. तेव्हा साऱ्या गाड्या घाटानेच चढत. तिघांनी ढकलावी आणि एकाने पाण्याचा डबा घेऊन धावावे, अशा रीतीने आम्ही माथा गाठला. साताऱ्यास पोहोचलो तेव्हा गायकाचा आवाज बसला होता, कारण वाटभर त्याने गाडीस शिव्या घातल्या होत्या. तो कार्यक्रम गुरुजींनी पेटीवर पदे वाजवून निभावला. कुंभार्ली घाट उतरताना एका वळणावर तांदळाचे पोते तंबोऱ्यावर कोसळले आणि त्याच्या भोपळ्यास तडा गेला. तंबोरे करणारे कारागीर मिरजेस, आणि आम्ही चिपळुणात! तेथे एका सुताराने सरस लावून तडा सांधला आणि वर धोतराची पट्टी गुंडाळून दिली. पैसे घेईना. "संध्याकाळी एक अभंग माझ्यासाठी म्हणा," एवढेच तो म्हणाला. वहीत मी लिहिले, 'तंबोरा दुरुस्ती : एक अभंग'.

पुढच्या गावी उत्सवास बोलावणे तिथीने होते. पंचांगात एका तिथीचा क्षय होता. आम्ही बोटांवर दिवस मोजीत गेलो आणि उत्सव आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी पोहोचलो. लोक मांडव सोडीत होते. आम्हांस पाहून ते हसले, आम्हीही हसलो. मांडव सोडू लागलो, भात-आमटी जेवलो, आणि रात्री देवळाच्या पायरीवर बसून वीसपंचवीस माणसांपुढे गायलो. बिदागी शून्य, पण साऱ्या दौऱ्यात गाणे असे जमले ते त्याच रात्री.

येथवर सारी जमा झाली. आता देणे सांगतो.

परतीच्या वाटेवर एका गावी एका सुखवस्तू गृहस्थांकडे कार्यक्रम होता. हे गृहस्थ आपल्याच ज्ञातीतले होते. त्यांनी आमचे स्वागत प्रेमाने केले. मग एकेकास आडनाव आणि गाव विचारले. जेवणाची वेळ झाली तेव्हा माजघरात तीन पाने मांडली होती. चौथे पडवीत, जोडे काढून ठेवतात त्या बाजूस होते. अस्पृश्यता राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने १९५० सालीच नष्ट केली होती, १९५५ साली तसा कायदाही झाला होता. परंतु कायदा त्या घराच्या उंबऱ्याबाहेर थांबला होता.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. गायकानेही पाहिले. यजमान माझ्या ज्ञातीचे. बोलावयाचे तर मीच, असा त्या पाहण्याचा अर्थ होता. माझ्या मनात तेव्हा काय आले, ते लपवीत नाही. एकावन्न रुपये बिदागी ठरली होती, आणि माझ्या खिशात पुढच्या पेट्रोलपुरतेही पैसे नव्हते. शिवाय आपल्या माणसांत वाईटपणा कशाला घ्यावा, असेही वाटले. मी पाटावर जाऊन बसलो. मी बसल्यावर ते दोघेही बसले.

तबलजी पडवीत मुकाट्याने जेवला. त्या रात्री त्याचा हात असा काही चालला, की यजमानांनी स्वतः उठून 'वाहवा' केली. एकावन्न रुपये मिळाले. मी वहीत लिहिले, 'जमा रु. ५१'. त्या पानावर दुसरे काही लिहिलेले नाही.

मुक्कामाचा खर्च वाचावा म्हणून दुसऱ्या रात्री आम्ही महाडहून निघालो. वरंध घाट चढू लागलो आणि जीपचे दोन्ही दिवे गेले. एका अंगास कडा, दुसऱ्या अंगास दरी, आणि चंद्र नाही. गाडी उभी करून उजाडण्याची वाट पाहावी, असे गुरुजी म्हणाले. परंतु मागून एखादा ट्रक आला, तर आमची अंधारातली जीप त्याला दिसणार नव्हती. तेव्हा तबलजी काही न बोलता उतरला, हातात बॅटरी घेतली आणि पुढच्या मडगार्डवर जाऊन बसला. एका हाताने तो जीपच्या काचेची चौकट धरून होता, दुसऱ्या हाताने रस्त्यावर उजेड पाडीत होता. "डावीकडे घे... सांभाळ, दगड आहे... आता सरळ," असे तो घाटमाथा येईपर्यंत सांगत राहिला. थंडीने त्याची बोटे इतकी आखडली, की वर पोहोचल्यावर बॅटरी त्याच्या हातातून मला सोडवून घ्यावी लागली. वादकाची बोटे ती! आदल्या दिवशी ज्याच्यासाठी मी एक शब्द उच्चारला नाही, त्याने त्या रात्री आम्हां तिघांना घरी आणले.

भोरला उजाडले. चहा-भजी झाली, पेट्रोल घातले आणि चार रुपये शिल्लक उरले. प्रत्येकी एक. असा तो दौरा संपला. आमची मैत्री पुढेही टिकली. परंतु पडवीतल्या त्या पानाचा उच्चार कोणीच केला नाही.

२००९ साली तो अखेरच्या आजारात असताना मी त्याच्या उशाशी बसलो होतो. धीर करून विचारले, "त्या दिवशी तुला फार लागलं असेल, नाही रे?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अन्न चांगलं होतं. तू जेवलास, मीही जेवलो. आपण मात्र जेवलो नाही." त्यानंतर त्यानेच विषय बदलला आणि चिपळूणच्या सुताराची आठवण काढून हसू लागला.

बंधूंनो आणि भगिनींनो, मराठी भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. 'आम्ही' म्हणताना समोरचा माणूस बाहेर राहतो. 'आपण' म्हणताना तो आत येतो. ज्ञातिसंस्था 'आम्ही' या शब्दावर उभी राहते, यात गैर काही नाही. गरीब विद्यार्थ्यास वसतिगृह, विधवेस मदत, वधूवरांची गाठ, ही कामे तिने केली आहेत आणि करावीत. परंतु चांगुलपणा म्हणून आपण ज्याला मिरवतो, तो पुष्कळदा आपल्याच माणसांपुढे गप्प बसण्याचा चांगुलपणा असतो. परक्याच्या घरी मी कदाचित बोललो असतो. आपल्या माणसाच्या घरी बोललो नाही. म्हणूनच हा कबुलीजबाब मला इतर कोठे द्यावयाचा नव्हता. तो येथेच द्यावयाचा होता.

आता माझी विनंती. ज्ञातीतील मुलांसाठी संगीतवर्ग काढावा, पेटी-तबल्यासाठी निधी जमवावा, असा ठराव आज आपल्यापुढे आहे. ठराव उत्तम आहे. त्यातील 'ज्ञातीतील मुलांसाठी' हे शब्द काढून 'गावातील मुलांसाठी' असे शब्द घालावेत, अशी माझी सूचना आहे. सूर धरावयास ज्ञाती लागत नाही, आणि एकाच ज्ञातीत पेटीवाला, गवई आणि तबलजी तिन्ही मिळतीलच, असेही नाही. आमच्या मेळ्यास तरी ते मिळाले नसते. दुसरे असे, की आज सकाळी ज्यांनी येथे भजनाची साथ केली, ती मंडळी अजून मांडवाबाहेर बसलेली मला येथून दिसतात. थोड्याच वेळात पाने वाढतील. त्यांना हाताला धरून आपल्या पंगतीत आणावे. निरोप पाठवू नये, स्वतः जावे.

त्या एकावन्न रुपयांच्या शंभरपट, म्हणजे पाच हजार एकशे रुपये, मी या निधीस देत आहे. पाटीवर माझे नाव नको. वहीत जमेच्या बाजूस रक्कम लिहावी आणि पुढे एवढेच लिहावे : 'जुने देणे, अंशतः फेड'.

 मला त्या बाहेरच्या मंडळींना बोलावण्यास जावयाचे आहे, आपणही यावे.