थंडी साधलेली वाइन



कल्याण सोडलं की रुळांना दोन फाटे फुटतात, एक कर्जतकडे आणि एक कसाऱ्याकडे. आज आपण कसाऱ्याच्या वाटेनं जाऊ. तिथं गाडीला मागून जादा इंजिनं लागतात, थळ घाटाचा 37 फुटांना एक फूट असा चढ गाडी चढते आणि इगतपुरीला आपण जवळपास 600 मीटर उंचीवर पोहोचतो. डोंबिवलीत डिसेंबरातही पंखा फिरत असतो, तेव्हा नाशिककडे शेकोट्या पेटलेल्या असतात. तिथली हलकी, ताजी रेड वाइन या फरकातून येते.

तसा नाशिक काही थंड मुलूख नव्हे. युरोपात द्राक्षं उन्हाळ्यात वाढतात आणि पुढे शरदात काढणी होते. इथं तसं केलं तर पीक ऐन पावसात सापडेल. म्हणून आपला बागाईतदार दोनदा छाटणी करतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. त्यामुळे मणी पिकतात ते हिवाळ्यात, आणि जानेवारी ते मार्च काढणी चालते. दिवसाच्या उन्हानं साखर भरते, रात्रीच्या गारव्यानं आंबटपणा टिकतो. वाइनचा ताजेपणा या आंबटपणातच असतो.

रंग आणि तुरटपणा मात्र सालीत. साली रसात थोडेच दिवस ठेवल्या आणि लाकडी पिंपात न मुरवता वाइन बाटलीत भरली, की ती हलकी राहते. राजीव सामंतांच्या सुला या नाशिकच्या वायनरीची पहिली वाइन 2000 साली आली, पुढच्याच वर्षी राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि नाशिकभोवती वायनरी वाढल्या.

आपल्या भागाला वाइनचा व्यापार नवा नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण बंदराचं नाव आहे, आणि भडोचला इटलीची वाइन उतरत असल्याची नोंदही. घाटावरच्या नेवाशाच्या उत्खननात अँफोरा या वाइनच्या रोमन कुंभांची खापरं सापडली. तेव्हा वाइन किनाऱ्यावरून घाटावर जाई, आता ती घाट उतरून ठाण्याला येते.

रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, असं सांगतात. हा नियम युरोपातल्या गार घरांचा, जिथं खोली सोळा-अठरा अंशांवर असते. आपल्याकडे ती तिशीत. तेव्हा घेणाऱ्यानं हलकी रेड अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. नाशिकच्या शेतकऱ्यानं कात्रीच्या जोरावर साधलेली थंडी आपण उकाड्यात का दवडावी?