चिमणीचे फुप्फुस आणि मगरीची साक्ष

आपल्या छातीत हवा ज्या वाटेने आत जाते, त्याच वाटेने परत येते. शांत बसलेला माणूस एका श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यातली सुमारे १५० मिलिलिटर श्वासनलिकांतच अडकते, वायुकोशांपर्यंत पोचतच नाही. जी पोचते ती आत उरलेल्या शिळ्या हवेत मिसळते. पक्ष्यांनी हा घोळ ठेवलेला नाही. त्यांचे फुप्फुस लहान, ताठर आणि बरगड्यांना घट्ट चिकटलेले असते. ते फुगत नाही. भात्याचे काम वायुपिशव्या करतात, बहुतेक पक्ष्यांत त्या नऊ असतात. पहिल्या श्वासातली बरीचशी हवा थेट मागच्या पिशव्यांत जाते, उच्छ्वासाबरोबर फुप्फुसातल्या बारीक नळ्यांतून पुढे सरकते, दुसऱ्या श्वासाला पुढच्या पिशव्यांत शिरते आणि दुसऱ्या उच्छ्वासाला बाहेर पडते. पक्षी श्वास घेवो वा सोडो, फुप्फुसातून ताजी हवा एकाच दिशेने वाहत राहते. एवढी शिस्त राखणारी झडप मात्र कुठेच नाही. नळ्यांच्या फाट्यांची ठेवणच हवेला वळण लावते. हाडांतही या पिशव्यांचे फाटे शिरलेले असतात. अठराव्या शतकात जॉन हंटरने पक्ष्याची श्वासनलिका बांधून टाकली, तरी पंखाच्या कापलेल्या हाडातून त्याचा श्वास चालूच राहिला.

हे सारे उडण्यासाठीच घडले, असे आपण सहज म्हणून टाकतो. मला ते पटत नाही. वटवाघूळ आपल्यासारख्याच येरझाऱ्या घालणाऱ्या फुप्फुसावर रात्रभर उडते. त्याने फुप्फुस आणि हृदय मोठे केले, रचना बदलली नाही. त्याहून मोठी साक्ष मगरीच्या कुळातली आहे. २०१० साली फार्मर आणि सँडर्स यांनी अमेरिकी अॅलिगेटरच्या फुप्फुसात हवा एकाच दिशेने वाहते हे दाखवले. पुढे घोरपडीच्या कुळात आणि इग्वानातही तेच आढळले. यांपैकी कोणीही उडत नाही. यावर कोणी म्हणेल, प्रत्येक वंशाने ही सोय स्वतंत्रपणे मिळवली असेल. असेलही, पण मग न उडणाऱ्यांना ती उड्डाणाशिवाय मिळाली, म्हणजे माझा मुद्दा उलट बळकटच होतो.

दुसरा आक्षेप पट्टकादंबाचा. हिवाळ्यात आपल्या उजनीवर येणारा हा हंस हिमालय ओलांडतो; ७,००० मीटरच्या वर उडाल्याची त्याची नोंद आहे. मग हे फुप्फुस उंचीसाठीच नव्हे का? पट्टकादंबाचे वेगळेपण बरेचसे रक्तात आहे: त्याचे हिमोग्लोबिन विरळ हवेतही ऑक्सिजन घट्ट पकडते. फुप्फुसाची मूळ रचना मात्र सखल तळ्यावरच्या बदकाचीही तीच. १९६८ साली टकर यांनी ६,१०० मीटर उंचीइतक्या विरळ हवेत घरचिमण्या आणि उंदीर ठेवले. उंदीर बेशुद्धावस्थेत गेले, चिमण्या उडत राहिल्या. या प्रयोगातली चिमणी काही हिमालय ओलांडणारी नव्हती. तिला हे सामर्थ्य वारशातच मिळाले.

म्हणून अवयवाची रचना पाहताना ‘हे कशासाठी?’ याआधी ‘हे कोणाकडून आले?’ असे विचारले पाहिजे. शालेय पुस्तकांत श्वसनसंस्था म्हटली की आकृती माणसाचीच असते. शिक्षकांना माझी विनंती आहे: पुढच्या वेळी फळ्यावर तिच्या शेजारी चिमणीचीही काढा.