झोपण्यापूर्वीची दोन मिनिटं

तोंड धुतल्याशिवाय सकाळचा चहा घ्यायचा नाही, हा नियम आपल्याकडे घरोघरी पाळला जातो. रात्रीची गोष्ट मात्र वेगळी. जेवण झालं, चूळ भरली, चिमूटभर बडीशेप खाल्ली आणि अंथरुणावर पडलो. दातांचा डॉक्टर म्हणून मला विचाराल तर यातलं रात्रीचं घासणं अधिक मोलाचं. दिवसातून एकदाच ब्रश हातात धरणार असाल, तर तो रात्री धरा, असं मी सरळ सांगतो. दोनदा धरलात तर उत्तमच.

आता याचं कारण. संध्याकाळी दातांवरून जीभ फिरवून पाहा, बुळबुळीत लागेल. तो जंतूंचा थर असतो. आपण साखर किंवा पिठाचं काही खाल्लं की हे जंतू काही मिनिटांत आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात दाताच्या वरच्या कठीण आवरणातलं, म्हणजे इनॅमलमधलं, कॅल्शियम विरघळू लागतं. दिवसा आपली लाळ त्यावर उतारा देते. अर्ध्या-पाऊण तासात आम्ल निवळतं आणि गेलेलं थोडंफार कॅल्शियम दाताला परतही मिळतं. झोपेत मात्र लाळ सुटणं जवळजवळ थांबतं. रात्री साखर घातलेलं दूध पिऊन तसंच झोपलं, की जंतूंना सकाळपर्यंत मोकळं रान. बाळाला दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवतात, त्या बाळांचे वरचे पुढचे दात दोन-तीन वर्षांतच काळे पडतात, ते याच कारणाने.

यावर हमखास एक प्रश्न येतो. ‘डॉक्टर, आमच्या आजोबांनी आयुष्यभर राखुंडी नाहीतर बाभळीची काडी वापरली, तरी सत्तरीत ऊस सोलून खायचे!’ खरं आहे. पण आजोबांच्या घरी गोडधोड सणावारी होत असे. दिवसातून पाच वेळा गोड चहा, त्यात बुडवलेलं बिस्कीट, मधेच एखादं चॉकलेट, हे त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, याचा दातांना जास्त त्रास होतो. जेवणात दोन पुरणपोळ्या खा, माझी हरकत नाही. तासातासाला अर्धा कप गोड चहा मात्र नको. आणि राखुंडी किंवा कोळशाची पूड दात पांढरे करते म्हणतात, पण तिच्या खरबरीत कणांनी इनॅमल झिजतं आणि मग गार पाण्याने कळा येतात. साधी फ्लोराइडची पेस्ट घ्या. ट्यूबवर फ्लोराइडचं प्रमाण छापलेलं असतं. मोठ्यांसाठी ते १००० पीपीएमच्या आसपास असावं. पेस्ट मटारच्या दाण्याएवढी पुरते. जाहिरातीतली ब्रशभर पेस्ट कंपनीच्या फायद्याची.

आता हिरड्या. ब्रश करताना रक्त आलं की लोक घाबरतात आणि ब्रश सोडून बोटाने दात घासू लागतात. इथेच दुखणं वाढतं. रक्त येतं ते बहुतेक वेळा हिरडीच्या कडेला साचलेल्या थरामुळे. तो थर तिथेच राहिला तर हिरडी आणखी सुजते. मऊ केसांचा ब्रश घ्या, तो दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे थोडा तिरपा टेकवा आणि हलक्या हाताने दोन मिनिटं फिरवा. आठ-पंधरा दिवसांत रक्त कमी व्हायला हवं. नाही झालं, तर तिथे कीटण धरलं आहे असं समजा. ते दगडासारखं घट्ट होतं, ब्रशने निघत नाही, दवाखान्यातच काढावं लागतं. कीटण काढल्यामुळे दात हलतात, ही समजूत चुकीची आहे. दाताला धरून ठेवणारं हाड आधीच झिजलेलं असतं, कीटणाच्या आधाराने ते लक्षात येत नव्हतं, इतकंच. मधुमेह असणाऱ्यांनी तर इकडे जास्तच लक्ष द्यावं. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं.

मायभगिनींशी मशेरीबद्दल थोडं बोलायचं आहे. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांना लावायची. सकाळी एकदा, कामं उरकल्यावर पुन्हा, दुपारी आणखी एकदा. ‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाही,’ असं पुष्कळजणी सांगतात. ती तंबाखूची सवय बोलत असते. तंबाखू असलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनं १९९२ साली आपल्या देशात बंद झाली, पण घरच्या तव्यावर बंदी कोण घालणार? यातली खरी फसवणूक अशी की, निकोटिनमुळे हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. आतून हिरडी खराब होत असते आणि वरून रक्त येत नाही, म्हणून बाई म्हणते, ‘माझे दात ठणठणीत आहेत.’ तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहेच. गरोदरपणात तर पोटातल्या बाळालाही ती बाधते. एकदम सुटत नसेल तर आधी दुपारची बंद करा, मग कामं उरकल्यावरची. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा पंधरा दिवसांत न भरणारी जखम असेल, तर मात्र लगेच दाखवा.

आणि लहान मुलं. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे, अगदी शेवटी, एक मोठी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून आईवडील तिलाही दुधाचीच समजतात आणि ‘किडली तर किडली, पडणारच आहे,’ म्हणून सोडून देतात. ती पडत नाही, जन्मभराची असते. त्या वयात मुलाचा हात मागपर्यंत नीट पोचत नाही. म्हणून सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश तुम्ही करून द्या. मूल दिव्याच्या उजेडात, तुमच्याकडे पाठ करून उभं राहिलं की तोंडातलं चांगलं दिसतं. घासून झाल्यावर थुंकायला सांगा, खळखळून चुळा नकोत, पेस्टमधलं फ्लोराइड थोडा वेळ दातांवर राहू द्या. त्यानंतर पाणी चालेल, दूध नाही.